‘फेटली’ आणि ‘ठार’

वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीतील अपघातांविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘फेटली’ या क्रियाविशेषणाऐवजी ‘प्राणघातक’ हा शब्द सहज योजला जातो. त्याने अर्थ पालटतो. इंग्रजीत ‘फेटली’ जखमी झालेला मनुष्य मरण पावलेलाच असतो. मराठी वृत्तपत्रांतील ‘प्राणघातक हल्ल्या’तून मात्र मनुष्य पुष्कळदा वाचतो. तेथे हेतू अथवा संभव अभिप्रेत असतो, परिणाम नव्हे.

इतिहासाच्या अभ्यासकास हा भेद नगण्य नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी असई येथे झालेल्या लढाईतील इंग्रज पक्षाची हानी 428 ठार, 1138 जखमी व 18 बेपत्ता अशी दिली जाते. अशा पत्रकात, जखमांमुळे पुढे मरण पावणारा शिपाई जखमींतच गणलेला असतो. त्याचा निर्देश करण्यास इंग्रजीस ‘फेटली’ उपयोगी पडते; परंतु जखम होताक्षणी हा शब्द लिहिता येत नाही. मृत्यू घडल्यावरच तो मागील जखमेस लावता येतो. त्याचे मूळ लॅटिन ‘फातुम’, म्हणजे दैवाने उच्चारलेले. ‘विधिलिखितानुसार’ असाही त्याचा जुना अर्थ होता.

मराठीत परिणामदर्शक शब्द नाही, असे मात्र नव्हे. ‘मारले’ म्हटल्याने मार व मृत्यू दोन्ही संभवतात. ‘ठार मारले’ म्हणताच संशय उरत नाही. तथापि ‘ठार’ हा मारणे, करणे, होणे यांच्याशीच जुळतो; ‘ठार जखमी’ असा प्रयोग होत नाही. ‘ठार वेडा’, ‘ठार बहिरा’ यांत तर मरणाचा लवलेशही नाही, केवळ पूर्णता आहे. (इंग्रजीतही एखादा युक्तिवाद ‘फेटली’ सदोष ठरतो, आणि तेथे कोणी मरत नाही.)

मराठीची स्वाभाविक रीत निराळी आहे. कारण ऊनान्त धातुसाधिताने सांगावे व मृत्यू मुख्य क्रियापदाने : गोळी लागून पडला, जखमांनी गेला. 31 डिसेंबर 2023 रोजी पहाटे वाळूज येथील हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागून 6 कामगार मृत्युमुखी पडले. या वाक्यास क्रियाविशेषणाची गरज भासत नाही. त्याऐवजी ‘6 कामगार प्राणघातक जखमी’ असे लिहिले असते, तर ते वाचणाऱ्या आप्तांनी रुग्णालयाकडे धाव घेतली असती.