बाबूराव पेंटर आणि 'सावकारी पाश' : एका स्वतंत्र चित्रकर्मीचा मागोवा

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळके आणि 'प्रभात' ही दोन नावे ओघानेच येतात. या दोहोंमधील काळ ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर पेलला, त्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांच्या कारकिर्दीचा, विशेषतः 'सावकारी पाश'च्या अनुषंगाने, प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

कोल्हापुरातील कारागीर घराण्यात जन्मलेले बाबूराव बंधू आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. फाळके यांच्या चित्रपटाने दोघांना चलच्चित्राचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. म्हणून तो स्वतः घडविण्याचे त्यांनी ठरविले. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. काम अर्धवट राहिले होते, ते बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पूर्ण केले. तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित झाला. दिग्दर्शन, छायालेखन, नेपथ्य, जाहिरातचित्र ही सारी अंगे एकाच चित्रकाराच्या नजरेखाली असणे, हे या कंपनीचे खरे वैशिष्ट्य होय. 'सिंहगड'मध्ये (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. 'पहिला कोण' या वादात मराठी अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. त्यापेक्षा प्रकाशाकडे पाहण्याची ही चित्रकाराची दृष्टी अधिक महत्त्वाची वाटते.

'सावकारी पाश' (१९२५) हा या दृष्टीचा कस पाहणारा चित्रपट. त्याची कथा नारायण हरी आपटे यांची. आपटे यांचा जन्म सांगली परिसरातील समडोळीचा, वास्तव्य सातारा जिल्ह्यातील कोरेगावचे. कृष्णाकाठच्या या मुलखाला सावकारी कागदाची धग परकी नव्हती. १९१९-२१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यात सत्यशोधक विचाराच्या शेतकऱ्यांनी सावकार-जमीनदारांविरुद्ध उठाव केले होते. कर्जात जमीन गमावून शहरातील गिरणीत मजूर होणारा शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. देवादिकांच्या चमत्कारांना चटावलेल्या प्रेक्षकांपुढे हे दैन्य मांडणे व्यवहारदृष्ट्या धाडसाचेच होते.

खेदाची बाब अशी की, या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे इतिहासकाराला आठवणींवर विसंबावे लागते. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या स्मरणात राहिलेली उदास झोपडी, मंद उजेड आणि कुत्र्याचे विव्हळणे वारंवार उद्धृत केले जाते. तथापि, ही आठवण प्रामुख्याने शालिनी सिनेटोनच्या १९३६ मधील बोलपटाची आहे, हे उद्धृत करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. मूकपटात कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येणार कोठून? बोलपटाचे गुण १९२५ च्या कृतीवर लादून तिला 'वास्तववादी' ठरविणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे. कथानक, पात्रयोजना आणि तिचा काळ यांपुरतेच विधान करणे उचित ठरेल.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सहकारी बाहेर पडले व 'प्रभात'ची स्थापना झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तगली नाही. बाबूरावांनी 'उषा' (१९३५), 'प्रतिभा' (१९३७) असे मोजके बोलपट दिग्दर्शित केले. पुढे ते बहुतांशी चित्र-शिल्पकलेकडे वळले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनात त्यांचे नाव शांताराम यांच्या नावासोबत आहे. एकेकाळचा शिष्य आता त्या चित्रसंस्थेचा धनी होता.