वैमानिकांना खिडक्या दिसल्या, की त्यांनी त्या जोडल्या?

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. तुम्ही वाशिम, रिसोड, कारंजाकडचे असाल तर आठवत असेल. आठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकत गेले. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पडलं. मग चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं मोठं कडं सापडलं. फेब्रुवारी 2021 मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा परत येताना जळाला असणार, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं.

आता समजा, ते कडं सापडलंच नसतं. मग आपल्या हातात काय उरलं असतं? फक्त लोकांचं सांगणं. इतिहासाच्या संशोधकाची बहुतेक वेळा हीच गत असते. म्हणून आज एक जुनी लष्करी चौकशी बघूया.

24 जुलै 1948. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-3 विमान पहाटे पावणेतीनच्या सुमारास उडत होतं. वैमानिक क्लॅरेन्स चाइल्स आणि जॉन व्हिटेड, दोघंही महायुद्धात विमानं चालवलेले. त्यांना समोरून पंख नसलेलं, लांबट, मागून ज्वाळा सोडणारं काहीतरी येऊन बाजूने निघून गेलेलं दिसलं. उजळलेल्या खिडक्याही दिसल्या. सगळं मिळून काही सेकंद. जागा असलेल्या एका प्रवाशाला मात्र नुसती प्रकाशाची रेघ दिसली, आकार नाही.

अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट साइन’ने चौकशी केली. दोघांनी काढलेली चित्रं तंतोतंत जुळत नव्हती. सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांचं म्हणणं असं, की वर्णन शब्दशः खरं धरलं तर खगोलीय स्पष्टीकरण बसत नाही, पण तेजस्वी उल्केची शक्यता उरते. काही वर्षांनी हवाई दलाने नोंद बदलून ‘उल्का’ केली.

इथे तुम्ही म्हणाल, अनुभवी वैमानिक उल्केला खिडक्या कशा लावतील? उत्तराची वाट 20 वर्षांनी सापडली. 3 मार्च 1968 ला सोव्हिएत झोंड 4 मोहिमेचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले. काय जळत होतं ते माहीत होतं, आणि लोकांनी लिहून पाठवलेली वर्णनंही होती. कोलोरॅडो विद्यापीठात हवाई दलाच्या पैशातून चाललेल्या अभ्यासात विल्यम हार्टमन यांनी ती तपासली. अनेकांनी सुटे जळते तुकडेच सांगितले होते. पण काहींनी सिगारसारखं एकच यान आणि त्याच्या खिडक्या सांगितल्या! ही माणसं खोटं बोलत नव्हती. अंधारात रांगेने जाणारे सुटे ठिपके त्यांच्या मनाने एका वस्तूत बांधले होते.

मात्र घाई करू नका. 1968 चा पुरावा 1948 ची घटना सिद्ध करत नाही. खिडक्या दिसल्या म्हणजे यान होतंच असं नाही, एवढंच तो दाखवतो. ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ 1969 मध्ये बंद झालं तेव्हा 12,618 नोंदींपैकी 701 अनोळखीच राहिल्या होत्या. ‘अनोळखी’ म्हणजे ‘परग्रहावरचं’ नव्हे, आणि ‘उल्का असू शकते’ म्हणजे ‘उल्काच होती’ असंही नव्हे. प्रबंधात असे शब्द बदलले की निष्कर्षच बदलतो, आणि मार्गदर्शक तिथेच लाल रेघ मारतात.

आता एक काम करा. पाडव्याची ती संध्याकाळ पाहिलेल्या तीन माणसांशी वेगवेगळं बोला. एकत्र बसवू नका, नाहीतर एकाचं सांगणं दुसऱ्याच्या तोंडी येईल. “उल्का पाहिली का?” असं विचारू नका, “काय दिसलं?” एवढंच विचारा. वहीत दोन रकाने करा: डोळ्यांना काय दिसलं, आणि ते काय वाटलं. रंग, दिशा, किती वेळ, आवाज हे पहिल्यात. विमान, क्षेपणास्त्र, उल्का हे दुसऱ्यात. कडं सापडल्याची बातमी त्यांनी आधी ऐकली होती का, तेही टिपा.

मुलाखतींवर प्रबंध करणार असाल तर हीच वही पुढे कामी येईल.