कावळा तुम्हाला ओळखून आहे

साल 1957. मृग लागून चार दिवस झालेत. निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी यमगर्णीच्या शिवारात तुम्ही बांधावरच्या बाभळीखाली घोंगडं पांघरून बसलाय. उजाडायला अजून वेळ आहे. खिशात एप्रिलपासून चालू झालेले नवे पैसे खुळखुळतायत. गेल्या 1 नोव्हेंबरला हे शिवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, आणि पारावर तेव्हापासून दुसरा विषय नाही. पण तुमच्यापुढं आज विषय एकच आहे: काल पेरलेला भुईमूग.

तंबाखूला कावळा शिवत नाही. भुईमुगाची गोष्ट वेगळी. घरातल्या बायकांनी शेंगा फोडून, सुरकुतलेले दाणे बाजूला काढून हे बी निवडलंय, आणि ते उगवून वर यायला आठवडा लागतो. तेवढा आठवडा राखला की जिंकलात. कावळा उगाच इथं-तिथं उकरत बसत नाही. एक दाणा सापडला की तो तास धरूनच पुढं चालतो, कारण पुढचा दाणा कुठं असणार हे त्याला सरीवरून कळतं. त्या आठवड्यात कोंब डोकावू लागला तरी सुटका नाही. तो उपटून खालचा दाणा खातो. मग नांगे पडतात आणि ते भरायला पुन्हा बी आणि पुन्हा मजुरी.

रानाचे मालक तात्या रात्री तुम्हाला गोफण देऊन गेलेत. घरात परवान्याची ठासणीची बंदूक आहे, पण ती त्यांनी दिलेली नाही. "पावणं, राखायला बसलायसा, मारायला न्हाई," एवढंच म्हणाले. पावसाळ्यात दारू दमट होते आणि बार फुसका जातो, हे खरं कारण. दुसरं कारण ते सांगत नाहीत. वडिलांच्या दहाव्याला ह्याच नदीच्या काठावर पिंड ठेवून ते कावळ्याची वाट बघत उन्हात उभे होते.

पूर्वेला फटफटलं. चिंचेच्या शेंड्यावर पहिला येऊन बसला. मानेला राखाडी पट्टा, म्हणजे गावकावळा. सगळा काळाभोर आणि जाड चोचीचा असता तर डोमकावळा. हा खाली उतरत नाही, फक्त मान तिरकी करून बघतो. तुम्ही हालचाल करू नका. एकट्या राखणदाराचं हेच अवघड असतं: चौघं असले तर चारी बांध धरता येतात, एकट्याला जागा हेरून दबा धरावा लागतो, आणि तीच जागा दुसऱ्या दिवशी चालत नाही.

दोन उतरले. मग पाच. आता घाई नको. सगळे चोच घालण्यात गुंतू देत. गोफणीचा फास बोटात, दुसरं टोक मुठीत, खोबणीत नदीतला गोल गोटा. डोक्यावरून दोन फेरे, आणि टोक सोडलं. गोटा कावळ्यांच्या मध्ये पडला, कुणाला लागला नाही, पण गोफणीचा फटाका शिवारभर वाजला. कावकाव करत थवा उडाला आणि चिंचेवरून तुमच्याकडं बघत राहिला. आता तुम्ही त्यांच्या ओळखीचे झालात. उद्या घोंगडं बदलून या, आणि बाभळीऐवजी खालच्या बांधाला बसा.

बंदुकीवाले दुसरीच रीत सांगतात. काट्याच्या आडोशाला बसायचं, एकच मारायचा आणि रानाच्या मधोमध काठीला टांगायचा. मग आजूबाजूचे सगळे कावळे जमून आकांत करतात आणि त्या रानाकडं काही दिवस फिरकत नाहीत. ही रीत चालते, पण त्यांच्या हिशेबातही चांगला दिवस म्हणजे एक कावळा. दहा मारणाऱ्याला शिवारात कुणी वाहवा देत नाही.

माझं विचाराल तर कावळ्याचा सगळा हिशेब एकाच आठवड्यावर मांडू नये. नांगरामागं फिरून हुमणीच्या अळ्या टिपतो तोही हाच. शिवाय जूनमध्ये त्याच्या घरट्यात कोकिळेची पिल्लं वाढत असतात. ज्या कोकिळेचं तुम्ही कौतुक करता, तिचा सगळा खर्च हाच सोसतो.

ऊन चढलं. तात्यांच्या घरून न्याहारी घेऊन आलेल्या आक्का आधी तासातून चालत जातात. उकरलेल्या जागा मोजतात, भाकरीचं फडकं नंतर सोडतात. तुमच्या दिवसाचं माप तेच: किती पाडले ते कुणी विचारत नाही, किती दाणे गेले ते बघतात.

आता आजच्या काळात या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता, उंदीर आणि वटवाघळांच्या पंक्तीला, त्यामुळं त्याला मारायला आडकाठी नव्हती. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. तेव्हा भुईमूग पेरला असेल तर बंदूक भिंतीला राहू द्या. गोफण घ्या, उजाडायच्या आत रानात पोचा, आणि आठ दिवस एकही सकाळ चुकवू नका.