शेजारच्या गाडीवर उडालेला रंग

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी गाडीवर परका रंग येतो तो बहुधा रस्त्याच्या कडेने. फॅब्रिकेशनच्या दुकानापुढे लोखंडी गेटं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात, कॉम्प्रेसर धडधडत असतो आणि गनमधून रेड ऑक्साइडचा फवारा सुटलेला असतो. त्यात तापीच्या खोऱ्यातला वारा; शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या काही उगाच उभ्या राहिल्या नाहीत. चार गाळे पलीकडे लावलेल्या पांढऱ्या कारच्या बोनेटवर संध्याकाळी हात फिरवला की खरखर लागते. डोळ्यांना धड दिसत नाही, पण तांबूस ठिपक्यांचा थर बसलेला असतो.

हे दुखणं फार तर सव्वाशे वर्षांचं. त्याआधी वाहनं ब्रशनं रंगायची. छकडा असो, टांगा असो की मुंबईची व्हिक्टोरिया, जवसाच्या तेलातला रंग आणि त्यावर वॉर्निश. एक हात वाळेपर्यंत दुसरा देता येत नसे, मधल्या प्रत्येक थराला घासणी. पहिल्या मोटारगाड्याही अशाच रंगल्या आणि एकेक गाडी तीन-तीन, चार-चार आठवडे कारखान्यात अडकून पडायची. हेन्री फोर्डनं १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात काढली, कारण भट्टीत भाजून वाळवायचं ते काळं इनॅमल स्वस्त होतं आणि टिकायचंही. ब्रशचा रंग ओघळतो, टपकतो, रंगाऱ्याच्या सदऱ्याला लागतो. शेजाऱ्याच्या गाडीवर जाऊन बसत नाही.

फवारा आला तो दवाखान्यातून. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी डॉ. अ‍ॅलन डेव्हिलबिस यांनी १८८० च्या दशकात घशात औषध फवारायचं एक छोटं यंत्र केलं. त्यांचा मुलगा थॉमस यानं १९०७ च्या सुमारास तेच तत्त्व रंगाला लावलं आणि स्प्रे गन तयार झाली. तरीही मोटारीच्या धंद्यात ती खऱ्या अर्थानं रुळली ती नवा रंग हाती आल्यावर. त्या रंगाचा कच्चा माल कापूस होता, हे खानदेशच्या माणसानं लक्षात ठेवण्यासारखं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा खानदेशी कापसाचे भाव चढले होते. पुढे १९०० च्या आसपास तापी व्हॅली रेल्वे आली आणि शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा ही स्टेशनं सुरतेशी जोडली गेली. गाठी रुळावरून जाऊ लागल्या. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकीला आखूड लव चिकटून राहते. ही लव धुऊन नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवली की नायट्रोसेल्युलोज होतं. जास्त नायट्रोजन असेल तर स्फोटक, कमी असेल तर लॅकर नावाचा रंग. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ कंपनीनं या स्फोटकाचे प्रचंड कारखाने उभे केले होते. युद्ध संपलं आणि त्यांना दुसरं काम शोधणं भाग पडलं. त्यातून १९२३ मध्ये 'ड्युको' हा लॅकर निघाला. जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या त्यात निळ्या रंगल्या आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. खानदेशची लव त्या कारखान्यात गेली असं नव्हे. पण वस्तू तीच. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेवरोले जोडायला घेतल्या, आणि धुळ्या-जळगावच्या रंगाऱ्यांच्या तोंडीही पुढे 'ड्युको' हाच शब्द बसला.

हा लॅकर इतका झटपट वाळतो की ब्रशच्या दोन फटकाऱ्यांमध्येच रेघ उठते. म्हणून गन आलीच. आणि गन आली की उडणंही आलं.

१९२० च्या दशकात दुरंगी गाड्यांची फॅशन निघाली तेव्हा हे फारच नडलं. मिनेसोटातल्या सेंट पॉल गावच्या गॅरेजमध्ये रंगारी कागद चिकटवून अर्धी गाडी झाकत आणि कागद काढताना ताजा रंगच सोलून निघे. थ्री-एम कंपनीचा रिचर्ड ड्रू तिथे पॉलिश पेपरचे नमुने घेऊन जात असे. कारागिरांच्या शिव्या ऐकून तो कामाला लागला आणि १९२५ मध्ये त्यानं मास्किंग टेप काढली. खानदेशात या टेपेचं खरं चीज केलं ते काळीपिवळीनं. गावोगावची वडाप जीप वरून पिवळी, खालून काळी. दोन रंगांमधली रेघ सरळ आली तरच रंगारी हुशार. टेप महाग, म्हणून ती फक्त रेघेपुरती. बाकी सगळ्या गाडीला 'देशदूत'-'लोकमत'ची रद्दी, काचेला आणि रबराला ग्रीसचा हात. ग्रीसवर बसलेला रंग फडक्यानं पुसून निघतो. ही युक्ती कुठल्या माहितीपुस्तकात सापडायची नाही.

एवढं करूनही रंग उडतोच, आणि तो काढायचा कसा हे रंगाची जात ठरवते. लॅकरचा फवारा हवेतच अर्धामुर्धा वाळतो, दूर गेला तर भुकटी होऊन पडतो आणि कोरड्या फडक्यानं झटकता येतो. चिकटलाच तर थिनरनं विरघळतो. पण खालच्या गाडीचा रंगही लॅकरच असेल तर तोही विरघळतो. जुन्या रंगाऱ्यांचा भर म्हणूनच रबिंग कंपाउंडवर, म्हणजे घासून काढायच्या लेपावर असे. ऑइल पेंट सावकाश वाळतो, ओला ठिपका लांबवर उडून चिकटतो, मात्र ताजा असेपर्यंत रॉकेलला दाद देतो. हार्डनर मिसळलेला टू-के रंग एकदा आतून जुळला की रॉकेलच काय, थिनरलाही भीक घालत नाही.

नव्वदीनंतर गाड्यांवर मेटॅलिक रंग आणि त्यावर क्लिअर कोट हा पारदर्शक थर आला तशी रबिंगची जुनी रीत धोक्याची झाली. क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. बोनेटच्या कडेला मशिनचा पॅड क्षणभर जास्त टेकला की खालचा रंग उघडा पडतो आणि ठिपके काढायला आलेल्या गिऱ्हाइकाला अख्खं पॅनेल रंगवून द्यावं लागतं.

यावर तोड जपानमधून आली. तादाओ कादाते यांनी मातीसारखा मऊ, पण पोटात बारीक घासकण असलेला गोळा तयार केला. १९९५ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. गॅरेजात त्याला सरळ 'क्ले' म्हणतात. आधी गाडी धुवायची. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावर हलकेच फिरवायची; उघड्या बोटांना न लागलेली खरखर पिशवीतून स्पष्ट लागते. शाम्पूचं पाणी शिंपडून गोळा त्या जागी सरळ रेषेत, जोर न देता सरकवायचा. सुरुवातीला तो करकरतो, अडखळतो. ठिपके कातरले गेले की आवाज थांबतो. चपटा झालेला गोळा उलगडला की आत तांबूस डाग दिसतात. मग तो दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. एकदा का तो जमिनीवर पडला की फेकायचाच, कारण त्यात रुतलेला एक खडा सगळ्या बोनेटभर ओरखडे काढतो. पैसे वाचवायला तोच गोळा धुऊन वापरणारे आहेत, आणि त्यांच्या हातची गाडी उन्हात उभी केली की ओळखू येते.

जुन्या धाटणीच्या गनमधला अर्ध्याहून जास्त रंग पत्र्यावर न बसता हवेत जातो. १९८० च्या दशकाअखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियात नियम झाला, की किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसलाच पाहिजे. त्यातून कमी दाबाच्या, जास्त हवेच्या एचव्हीएलपी गन पसरल्या. पण या गनला हवा भरपूर लागते, म्हणजे मोठा कॉम्प्रेसर आला, जाडं वीजबिल आलं. ट्रॉलीला रेड ऑक्साइड मारणाऱ्याला ते परवडत नाही. त्यामुळे ठिपके पडलेली गाडी दारात आली की गॅरेजवाल्याचे दोनच प्रश्न ठरलेले: रंग ऑइल होता की टू-के, आणि उडून किती दिवस झाले? 'आजच दुपारी, ऑइल' असं उत्तर आलं तर रॉकेलचं फडकं निघतं, नाहीतर क्लेचा डबा.