घरचा घास आणि विकतचा घास

खाणावळीच्या दारावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी आपण सर्वांनी पाहिलेली असते. जे अन्न घराबाहेर शिजते, पैसे मोजून मिळते आणि अनोळखी माणसांच्या पंगतीला बसून खावे लागते, त्याची शिफारसही घराच्याच नावाने करावी लागते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. घरच्या अन्नाविषयी आपल्या समाजाला किती आदर वाटतो, हे त्या पाटीवरून कळते. परंतु हा आदर सर्व काळी एकाच कारणासाठी होता काय? आणि विकतच्या अन्नाविषयीचा संशय नेहमी एकाच प्रकारचा होता काय? हा प्रश्न आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने मांडू इच्छितो. कारण आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत तो आज सासू-सुनांच्या, पती-पत्नींच्या वादाच्या रूपाने उभा आहे.

बाहेरच्या अन्नाविषयीचा पहिला संशय आरोग्याचा वा चवीचा नव्हता. तो बाटण्याचा होता. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली आणि त्यांच्याबरोबर पाव आला. विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यायलेले लोक बाटले आणि जातीबाहेर पडले, ही आख्यायिका आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. तशी घटना घडली असो वा नसो, तिच्या मागची समजूत खरी होती. दुसऱ्याच्या हातचा एक तुकडा माणसाचे कूळ बदलू शकतो, असे लोक मानीत. ही समजूत सुशिक्षितांतही तीनशे-साडेतीनशे वर्षे टिकून होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानासाठी बोलावून चहा-बिस्किटे देण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. एक पेला चहासाठी एवढे रण माजावे, हे आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही. ‘घरचेच खावे’ या वचनात एके काळी ‘परक्याचे खाऊ नये’ हाही अर्थ दडलेला होता, हे मात्र आपण विसरू नये. त्या अर्थाची झळ ख्रिस्ती समाजाने सोसलेली आहे.

ही बंधने सैल केली ती मुख्यतः मुंबईने, आणि तीही उपदेशाने नव्हे तर गरजेने. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतरच्या काही दशकांत कोकण-घाटांवरचे हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून गिरणगावात आले. एका खोलीत दहा-पंधरा जणांनी पाळीपाळीने झोपायचे, तेथे चूल कोण मांडणार? ज्यांचे घर शहरात होते, त्यांच्यासाठी डबा पोचविण्याची सोय निघाली. डबेवाल्यांच्या परंपरेनुसार महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केले, म्हणजे पुण्यात चहाचे ग्रामण्य गाजत होते त्याच काळात! घरच्या अन्नाचा आग्रह इतका की माणूस घरी जाऊ शकत नाही तर घराने त्याच्याकडे जावे! २०२० च्या टाळेबंदीपूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत असत.

ज्यांचे घर शहरात नव्हते, त्यांच्यासाठी खाणावळ होती. गिरणगावातील खाणावळ म्हणजे बहुधा एका गरीब बाईची दहा बाय बाराची खोली. पहाटे उठून ती वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापी. कामगार पगार झाला की महिन्याचे पैसे देई. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथ्यावर असे. हजारो कामगार तिच्या हातचे खाऊन गिरणीत उभे राहत, पण तिला कोणी कामगार म्हणत नसे, कारण ती ‘घरचेच काम’ करीत होती. गोव्यात जन्मलेल्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचविले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपात खाणावळवालीची चूलही विझू लागली. तेव्हा कचेऱ्यांत डबे पुरविण्याचा मार्ग मंडळाने धरला. विकतच्या जेवणामागेही एक घर असते आणि त्या घरातील मुले त्याच चुलीवर वाढतात, हे या इतिहासावरून ध्यानात यावे.

याच मुंबईत आपल्या समाजाचा आणखी एक अनुभव नोंदविण्यासारखा आहे. गोव्याहून आलेल्या कॅथॉलिक पुरुषांनी धोबीतलाव परिसरात गावोगावचे कूड उभारले. वेदीपुढे रोज सायंकाळी रोझरी आणि भिंतीलगत ट्रंकांची रांग, असे त्यांचे स्वरूप. या मंडळींपैकी कितीतरी जण जहाजांवर, क्लबांत आणि साहेबांच्या बंगल्यांत आचारी होते. त्यांच्या हाताला नाव होते, पगार होता. मात्र सुटीवर गावी परतल्यावर चूल बाईचीच राहिली. स्वयंपाक ही बाईची उपजत वृत्ती आहे असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पैसे मिळत असतील तेथे पुरुषाला स्वयंपाक येतो आणि मिळत नसतील तेथे येत नाही, असे कसे?

आता घराच्या आतील इतिहास पाहू. पूर्वी सर्व काही घरी आणि त्या त्या वेळी होत असे, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नव्हती. ईस्ट इंडियन समाजाचा बाटली मसाला घ्या. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि काळपट बाटल्यांत दाबून भरायचे. कुटायला मजुरीने बाया बोलावल्या जात. पुढे वर्षभर बाटली उघडली की कालवणाची निम्मी तयारी झालेली असे. पापड, कुरडया, लोणची, मेतकूट, भाजणी ही सारी बेगमी म्हणजे आपल्या आज्यांनी शोधलेली झटपट स्वयंपाकाची साधनेच होती. त्यात शेजारणींचे आणि मजूर बायांचे हात होते. घरचा स्वयंपाक एकट्या बाईचा कधीच नव्हता. ती एकटी पडली, ती शहरातल्या दोन खोल्यांत!

पुढे पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. जात्यावरच्या ओव्या थांबल्या, हे नुकसानच झाले. पण पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला विचारले असते, तर तिने गिरणीला आशीर्वादच दिला असता. १९५५ साली मुंबईत स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला, १९५९ पासून देशी बनावटीचे प्रेशर कुकर बाजारात आले. आज गिरणीच्या पिठाची भाकरी किंवा कुकरचा भात घरचा नव्हे, असे कोणी म्हणत नाही. त्याच १९५९ साली, १५ मार्चला, गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. त्यातून लिज्जत उभी राहिली. घरच्या पापडाची जागा विकतच्या पापडाने घेतली, पण तोही हातानेच लाटलेला होता आणि लाटणारीच्या पदरात चार पैसे पडत होते. विभक्त कुटुंबात शिकवायला सासू उरली नाही, तेव्हा कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली आले आणि घरोघर पोचले.

१९८३ साली भारतात मॅगी आली. दोन मिनिटांत मुलांची भूक भागविण्याचे हे आश्वासन आईला उद्देशून होते. येथे मात्र एक फरक पडला. खाणावळवाली, मसाला कुटणारी, पापड लाटणारी यांना आपण ओळखत होतो. पाकिटामागे कोणाचेच तोंड दिसत नाही. शिवाय अशा पाकिटांत मीठ आणि चरबी बहुधा अधिक, भाजी नावापुरती. रोजच्या जेवणाची जागा त्यांनी घेऊ नये, ही वडीलधाऱ्यांची तक्रार म्हणून रास्त आहे. परंतु तक्रार कोणाकडे करायची?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, तशी पुरुषाचीही नऊ मिनिटे वाचली! वसई-विरारहून पहाटेची लोकल गाठणारी आणि दिवेलागणीनंतर परतणारी सून वाटेत पोळी-भाजी केंद्रावर थांबते, तेव्हा ती कोणाची जबाबदारी टाळते? त्या पोळ्याही कोणा बाईनेच लाटलेल्या असतात. त्या विकून तिच्या मुलाची फी भरली जाते.

बेथानीच्या मार्थेची तक्रार आपण शुभवर्तमानात ऐकतो. स्वयंपाकाचा तिला कंटाळा नव्हता. आपण एकट्याच राबतो आहोत, हे तिचे दुःख होते. आपल्या घरांतील मार्थेचे दुःखही तेच आहे.

घरच्या अन्नाची महती आम्ही कमी लेखीत नाही. एका ताटाभोवती कुटुंब एकत्र येते, तेथे मुले बोलायला शिकतात, वाटून खायला शिकतात. ही महती टिकवायची असेल, तर तिची किंमत सर्वांनी भरली पाहिजे. पुरुषांनी आणि मुलग्यांनी भाजी निवडावी, कणीक मळावी, भांडी घासावीत. ज्या दिवशी हे जमणार नाही, त्या दिवशी ओळखीच्या बाईकडून पोळ्या आणाव्यात, तिला योग्य मोल द्यावे आणि सर्वांनी मिळून आनंदाने जेवावे. वाचकहो, ताटातला घास घरचा की विकतचा, हे विचारण्यापूर्वी तो कोणाच्या हातांनी तयार झाला आणि त्या हातांना विसावा मिळाला का, एवढे आपण विचारू लागलो तरी आपल्या घरांतील हा वाद पुष्कळसा मिटेल, असा आमचा विश्वास आहे.