बेहेडा आणि ताळेबंद : नगर प्रांताच्या जमाखर्चासंबंधीं थोडेंसें

पेशवाईंतील महालांचे बेहेडे जुन्या रुमालांत पुष्कळ सांपडतात. ते छापतांना, अगर त्यांच्या आधारें लिहितांना, बेहेड्यांतील बेरीज हीच त्या महालाची प्रत्यक्ष वसुली असें समजण्याचा प्रघात पडला आहे. तो टाकणें अवश्य आहे. बेहेडा हा सरकारचा आजमास, हिशेब नव्हे.

इ. स. १७५९ त, म्हणजे सुहूर सन सितैन मया व अलफांत, अहमदनगरचा किल्ला निजामाच्या किल्लेदाराकडून पेशव्यांचे हातीं आला. संगमनेर, नेवासें, पारनेर, राहुरी या बाजूच्या महालांसही इतर मुलुखाप्रमाणेंच हुजूर दफ्तराची शिस्त लागू होती. मृगापासून नवें साल धरीत. मागील सालांचे कागद पाहून दफ्तरांत बेहेडा बांधीत व तो मामलेदारास देत. त्यांत प्रथम महालाचा आकार. त्यांतून इनामें, दुमाला गांवें व हक्कदारांचे हक्क वजा. मग शिबंदी, मामलेदाराचें वेतन, देवस्थानें, वर्षासनें, धर्मादाय असा नेमणुकीचा खर्च. आणि बाकी राहील ती सरकारची. मामलेदार रसद म्हणून कांहीं रक्कम आगाऊ भरी व तिचें व्याज घेई. तेव्हां सरकार आपल्याच येणाऱ्या वसुलावर कर्ज काढीत होतें असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

नेमणुकीबाहेर खर्च होऊं नये म्हणून मजमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस इत्यादि दरखदार हुजुरांतून नेमलेले असत. त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता. सालअखेर ताळेबंद हुजुरांत जाई व तेथें त्याची तपासणी होई. खरी जमा किती व खरा खर्च किती हें या कागदांतच पाहावें. सर्व मुलुखाचे जमाखर्च एकत्र करण्याकरितां पुण्यास एकबेरीज दफ्तर होतें. नाना फडणिसांच्या कारकीर्दींतील बंदोबस्ताची जी कीर्ति आहे, तिचा बराच भाग या दुहेरी कागदांवर उभा आहे.

तथापि ताळेबंदही सर्वस्वीं प्रमाण मानतां येत नाहीं. सादिलवार खर्चासाठीं रयतेवर बसविलेल्या पट्टीच्या जोडीस दरबारखर्च नांवाची एक बाब होती. एल्फिन्स्टनसाहेबानें १८१९ च्या आपल्या अहवालांत तिची हकीकत दिली आहे. कारभारी व हिशेबतपासनीस यांस गुप्तपणें देण्याच्या रकमा कालांतरानें रिवाजाच्या झाल्या, उघड हिशेबांत आल्या व त्यांचीही तपासणी होऊं लागली. मग नवी लांच देण्यास नवी गुप्त वसुली करावी लागली. तपासणारेच घेणारे, तेव्हां या नाजूक प्रकरणांत कोणी खोल शिरत नसे. आणि मामलेदार वरिष्ठांच्या नांवानें जमवी त्याहून अधिक आपल्या पदरीं टाकी. लांचेचीही तपासणी करणारें दफ्तर विरळा!

१८०० त नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमलांत महाल मक्त्यानें देण्याची चाल वाढली, तेव्हां बेहेड्याचा अर्थच बदलला. आकार जमिनीवरून न ठरतां बोली करणाऱ्याच्या हिंमतीवरून ठरूं लागला. त्यांतच १८०२ त होळकरांच्या फौजांनीं या प्रांताची धूळधाण केली व १८०३-०४ चा दुष्काळ पडला. अशा सालचा एकटा बेहेडा वाचून नेवाशाच्या सुबत्तेचें वर्णन करणें म्हणजे ओसाड गांवाची खानेसुमारी करणें होय. १८१८ त पॉटिंजर नगरचा कलेक्टर झाला, तेव्हां मक्ते बंद करून प्रत्यक्ष लागवडीप्रमाणें वसूल घ्यावा, असें एल्फिन्स्टनचें धोरण होतें.

संग्राहकांस विनंती इतकीच कीं, बेहेडा हातीं आल्यास त्याच सालचा ताळेबंद त्याच रुमालांत आहे कीं काय हें आधीं पाहावें, आणि जमेचे बंद खर्चाच्या बंदांपासून वेगळे करूं नयेत. अंतस्थाचा पत्ता मात्र सरकारी दफ्तरांत लागणें कठीण. आमच्या मतें तो लागलाच तर मामलेदारांच्या व त्यांच्या सावकारांच्या घरगुती कीर्दींत लागेल. आणि रद्दी म्हणून प्रथम विकले जातात ते हेच कागद.