देवस्थान इनाम

देवस्थान इनाम म्हणजे मंदिर, मठ, मशीद, दर्गा यांसारख्या धर्मस्थळाची पूजाअर्चा, नंदादीप, नैवेद्य, उत्सव व डागडुजी यांच्या खर्चासाठी राज्यसत्तेने दिलेली जमीन किंवा जमिनीच्या साऱ्याचे उत्पन्न होय. मुंबई इलाख्याच्या महसूल दप्तरात इनामांचे वर्ग पाडण्यात आले, त्यांत देवस्थान इनामास 'वर्ग ३' हे स्थान मिळाले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या तालुक्यांतही ही संज्ञा महसूल व्यवहारात परिचित आहे.

स्वरूप

देवस्थान इनामाचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात प्रत्यक्ष जमीन देवस्थानास मिळते. दुसऱ्यात जमीन कसणाऱ्याकडेच राहते आणि सरकारला मिळावयाचा सारा तेवढा देवस्थानास मिळतो. शेताचा मालक कोण, कूळ कोण आणि पुजाऱ्याचा हक्क किती, या प्रश्नांचे उत्तर या भेदावर अवलंबून असल्यामुळे मूळ सनदेच्या शब्दांना फार महत्त्व असते. इनामाखेरीज धर्मस्थळांना व विद्वानांना रोख वर्षासनेही दिली जात.

व्यक्तीला दिलेले इनाम यापेक्षा वेगळे असते. आज शिरूर तालुक्यात असलेले पाबळ हे गाव पहिल्या बाजीरावाने मस्तानीस दिले, असे सांगितले जाते. ते व्यक्तिगत इनामाचे उदाहरण होय. चिंचवडच्या मोरया गोसावी परंपरेतील देव संस्थानाला मिळालेली इनामे मात्र धर्मकार्याशी जोडलेली होती. मोरगाव, थेऊर आणि दौंड तालुक्याच्या हद्दीजवळ, भीमेच्या पलीकडील काठावर असलेले सिद्धटेक ही गणेशस्थाने या संस्थानाच्या व्यवस्थेखाली आहेत.

मोजणी आणि आकारणी

इनामाचे मोल जमिनीच्या आकारणीवरून ठरते. मराठेशाहीत इनाम जमीन चावर व बिघे या मापांत दिली जाई आणि जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी ठरविली जाई. इंग्रजी अमलात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात मोजणी केली. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावा, असे त्याचे सूत्र होते. निव्वळ उत्पन्नाचे अंदाज सदोष ठरल्याने सारा जड झाला आणि शेतकरी जमिनी सोडू लागले. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी दौंडला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यापासून १८३५-३६ मध्ये नवी पद्धत सुरू केली. या पद्धतीत मातीचा रंग, खोली व दोष पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरवीत आणि प्रतवारी आण्यांत मांडीत. आकारणी ३० वर्षांसाठी कायम असे. ३३ फूट लांबीची साखळी, ३३ फूट चौरसाचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर ही मापे याच मोजणीने रूढ केली.

इनामांची चौकशी

११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने वतने, इनामे, वर्षासने व धर्मसंस्था यांच्या संरक्षणाचे आश्वासन दिले होते. तथापि १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला इनामदारांचे हक्क तपासण्याचे अधिकार मिळाले. पुढे १८६३ च्या मुंबई कायदा क्रमांक २ अन्वये ठरावीक रक्कम घेऊन इनामे कायम करण्याची सोय झाली. इनामदाराने आकाराच्या चौथ्या हिश्शाइतकी जुडी आणि नजराण्याबद्दल रुपयामागे एक आणा द्यावयाचा होता. अशा रीतीने कायम झालेली व्यक्तिगत इनामे हस्तांतर करता येत, परंतु धर्मसंस्थेच्या नावे नोंदलेली जमीन त्या संस्थेकडून अन्य कोणाकडे हस्तांतरित होणार नाही, असे बंधन याच कायद्याने घातले.

स्कॉटलंडमधील तुलनीय व्यवस्था

जमिनीचे मूल्यांकन आणि धर्मसंस्थेचे उत्पन्न यांची अशीच सांगड स्कॉटलंडच्या कायद्यात आढळते. तेथे चर्चला मिळणाऱ्या पिकाच्या दशमांशास 'टींड' म्हणत. धर्मसुधारणेनंतर हे हक्क मोठ्या प्रमाणावर सरदारांच्या हाती गेले होते. राजा पहिला चार्ल्स याने १६२७ मध्ये आयोग नेमला आणि १६३३ च्या कायद्यांनी टींडचे मूल्य जमिनीच्या खंडाच्या एक पंचमांश ठरविले. नऊ वर्षांच्या उत्पन्नाइतकी किंमत देऊन जमीनमालकास आपल्या जमिनीवरील टींड विकत घेण्याची मुभाही मिळाली. १७०७ मध्ये या आयोगाचे काम सर्वोच्च दिवाणी न्यायालयाकडे आले.

दोन्ही व्यवस्थांतील फरक उद्बोधक आहे. स्कॉटलंडमध्ये एकदा ठरलेले मूल्य कायम राही. पुढे जमिनीचा खंड वाढला तरी वाढीचा लाभ जमीनमालकास होई, आणि पॅरिशमधील टींड पुरते खर्ची पडले की धर्मोपदेशकाचे वेतन त्यातून वाढवता येत नसे. दख्खनमध्ये मुदत संपताच फेरआकारणी होई. त्यामुळे देवस्थानाकडे केवळ सारा असेल तेथे वाढीचा लाभ देवस्थानास मिळे व बोजा कसणाऱ्यावर पडे.

स्वातंत्र्योत्तर स्थिती

मुंबई व्यक्तिगत इनाम निर्मूलन अधिनियम, १९५२ देवस्थान इनामांना लागू झाला नाही. १९४८ च्या कूळ कायद्यान्वये १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिनी' कूळ जमिनीचे मालक ठरले. मात्र नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची जमीन, तिचे सर्व उत्पन्न न्यासाच्या कार्यासाठी वापरले जात असल्यास, कलम ८८-ब अन्वये या तरतुदीतून वगळली गेली. परिणामी एकाच शिवारात शेजारचा शेतकरी मालक झाला, तर देवाच्या जमिनीचे कूळ पिढ्यान्‌पिढ्या कूळच राहिले. दुसऱ्या बाजूस, ही सूट नसती तर दिवाबत्तीचा कायम आधार अनेक लहान देवळांनी गमावला असता.

देवता ही कायद्याने जमीन धारण करू शकणारी व्यक्ती मानली जाते. पुजारी मालक नसून देवतेच्या वतीने व्यवस्था पाहणारा असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देण्यास, १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते.

शिरूर व दौंड

घोड व भीमा या नद्यांमधील शिरूर आणि भीमेच्या दक्षिणेकडील दौंड हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतात. दौंडचा प्रदेश पूर्वी भीमथडी तालुक्यात होता. जिरायती जमिनीचा आकार अल्प असल्याने येथे एकेकाळी इनाम जमिनीचे मोलही मर्यादित होते. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे आणि पुण्याहून अहिल्यानगर व सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गांमुळे ही स्थिती बदलली. जमिनीचे भाव वाढल्याने देवस्थान जमिनीच्या विक्रीचा व ताब्याचा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे.

एखादी जमीन देवस्थान इनाम आहे किंवा नाही, हे पाहण्यासाठी गाव नमुना ३ म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, सात-बारा उतारा आणि जुने फेरफार तपासले जातात. मूळ सनद व इनाम चौकशीची कागदपत्रे पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात शोधता येतात. जमीन दिली होती की केवळ सारा, याचा उलगडा अनेकदा या कागदांवरूनच होतो.